घरचा संगणक आणि ब्रॉडबँड : बिघाडाचा शोध

घरातील दिवा एकाएकी विझला म्हणजे मनुष्य प्रथम खिडकीतून बाहेर पाहतो. शेजारच्या घरीही अंधार असेल, तर दोष आपल्या घरात नाही हे त्यास कळते. शेजारी उजेड असेल तर तो फ्यूज पाहतो, आणि फ्यूज शाबूत असेल तर दिवा बदलून पाहतो. ह्या तीन साध्या कृतींत बिघाड शोधण्याची संपूर्ण शास्त्रीय पद्धती सामावलेली आहे. परंतु त्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की, त्यांत काही पद्धती आहे याचे कोणास भानही नसते. वीज घरोघरी येऊन पिढ्या लोटल्या. ब्रॉडबँड त्या मानाने नवखा पाहुणा होय. तो रुसला म्हणजे घरातील माणसे एकतर हातपाय गाळून बसतात, नाही तर दिसेल ती कळ दाबतात आणि दिसेल ती तार उपटतात.

'इंटरनेट बंद आहे' हे वाक्य 'अंगात बरे नाही' ह्या वाक्यासारखे आहे. ते खोटे नसते. पण तेवढ्यावरून औषध देता येत नाही. आज परीक्षेचा अर्ज, भविष्यनिर्वाह निधीची मागणी, निवृत्तिवेतनाकरिता द्यावयाचा हयातीचा दाखला अशी कितीतरी कामे ह्याच मार्गाने होतात. त्यांस अखेरची तारीख असते, आणि ती बिघाड दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही. तेव्हा दोष कोठे आहे हे ओळखण्याची विद्या आता प्रत्येक घरी असणे अगत्याचे झाले आहे.

साखळी व तिचा मध्य

येथे दाखल्यासाठी रसमडा हे गाव घेतले आहे. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर दुर्ग व राजनांदगाव यांच्या दरम्यान हे स्थानक लागते. भिलाईचा पोलाद कारखाना येथून फार दूर नाही. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारान्वये तो उभारला गेला व १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी पेटली. पुढे रसमड्यालगत बोरईचे औद्योगिक क्षेत्र वसले. रेल्वे आणि पोलाद यांच्या नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे दुर्ग-भिलाईच्या परिसरात आहेत. त्यांतील कित्येकांची मुले आता पुण्याला वा बंगळुरूला असतात आणि सायंकाळी पडद्यावर भेटतात. हे गाव निवडण्याचे कारण असे की, लोहमार्ग, भट्ट्या, कारखान्यांची धूळ आणि पावसाळ्यातील विजा ह्या चारही गोष्टींचा दूरसंचाराच्या तारांशी निकटचा संबंध येतो.

अशा गावातील एका घरात संगणक आहे. त्याचा संदेश प्रथम वाय-फायच्या लहरींवरून राउटर नावाच्या पेटीकडे जातो. तेथून भिंतीवरील जोडापर्यंत, जोडापासून खांबावरच्या तंतूत, तंतूतून चौकातील विभाजक पेटीत, पेटीतून दूरसंचार केंद्रात, केंद्रातून मोठ्या शहराकडे जाणाऱ्या मार्गावर, आणि शेवटी ज्या दूरच्या संगणकात हवे ते पान साठविलेले आहे तेथपर्यंत. साखळीत असे सुमारे आठ दुवे आहेत. एक दुवा तुटला तरी पडद्यावर दिसणारे लक्षण एकच असते : पान उघडत नाही.

अडाणी शोधक पहिल्या दुव्यापासून सुरुवात करून एकेक दुवा तपाशीत जातो. शहाणा शोधक मध्यभागी प्रश्न विचारतो. मध्यापर्यंत संदेश पोहोचत असेल, तर अलीकडचे चारही दुवे एकदम निर्दोष ठरतात आणि संशय उरलेल्या चारांवर येतो. पुन्हा त्यांच्या मध्यावर प्रश्न विचारला की दोन उरतात, आणि तिसऱ्या प्रश्नास गुन्हेगार सापडतो. घरातील मनुष्याच्या दृष्टीने ह्या साखळीचा मध्य म्हणजे राउटर होय. कारण तेथून अलीकडचे सारे त्याच्या हातात असते, पलीकडचे बहुतेक सारे कंपनीच्या.

येथेही शेजारच्या खिडकीकडे पाहणे आहेच. त्याच राउटरवरून मोबाइल फोन चालतो का, हे पाहावे. मात्र त्या वेळी फोनमधील सिमकार्डाचा डेटा बंद करावयास विसरू नये. नाही तर फोन आपल्या वेगळ्या मार्गाने पान उघडतो आणि राउटर निर्दोष असल्याची खोटी साक्ष देतो. फोन चालत असेल व संगणक चालत नसेल, तर केंद्राला दूरध्वनी करण्यात अर्थ नाही. दोष संगणकातच शोधला पाहिजे.

दिव्यांची भाषा

राउटरवर लहान दिव्यांची रांग असते. पेटी बंद करून पुन्हा सुरू करण्याची सर्वांस घाई असते. त्यापूर्वी कोणता दिवा लागला आहे, कोणता लुकलुकत आहे व कोणत्या रंगाचा आहे, हे कागदावर टिपून घ्यावे, किंवा फोनने छायाचित्र काढावे. पेटी पुन्हा सुरू केल्याने पुष्कळदा काम भागते, हे खरे. पेटीच्या स्मृतीत साचलेला गोंधळ पुसला जातो आणि केंद्राशी नव्याने बोलणी होतात. पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. बिघाड रोज सायंकाळी परत येत असेल, तर हे टिपण फार उपयोगी पडते.

बहुतेक पेट्यांच्या पाठीमागे टाचणी शिरेल एवढे एक छिद्र असते. त्यात टाचणी खुपसू नये. ती कळ पेटी पुन्हा सुरू करीत नाही. ती पेटीतील सर्व मांडणी, कंपनीने भरून दिलेले नाव व संकेतशब्द यांसह, पुसून टाकते. दहा मिनिटांच्या बिघाडाचे चार दिवसांच्या बिघाडात रूपांतर करण्याचा हा हमखास उपाय आहे.

एकही दिवा लागत नसेल तर दोष विजेचा. पेटीस बहुधा १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो व तो भिंतीतील अडाप्टरमधून मिळतो. पेटी मधूनच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर जीर्ण अडाप्टरचा संशय घ्यावा. कारखान्यांच्या शेजारी मोठी विद्युत्-भट्टी सुरू होताना विजेचा दाब क्षणभर उतरू शकतो. त्या क्षणी घरातील दिवा किंचित मंदावतो, पंख्यास तर काहीच कळत नाही. परंतु पेटीतील मंडलास तेवढा क्षण पुरतो व ती पहिल्यापासून सारा कारभार मांडू लागते. दिवा मंदावणे आणि जोडणी तुटणे एकाच वेळी घडते का, हे लक्षात ठेवले म्हणजे निदान झालेच.

काच आणि तांबे

आज बहुतेक नव्या जोडण्या प्रकाशतंतूच्या आहेत. काचेच्या ह्या तंतूचा जो गाभा प्रकाश वाहतो त्याची रुंदी अवघी ९ मायक्रोमीटर असते. माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड असतो. साहजिकच जोडाच्या तोंडावर बसलेला धुळीचा एक कण संपूर्ण वाट अडवू शकतो. लोखंडाच्या कारखान्यांची काळी पूड जेथे खिडकीच्या चौकटीवर बसते, तेथे हा जोड विनाकारण उघडून पाहणे म्हणजे नवा बिघाड ओढवून घेणे होय. तंतू फार वाकविला तर प्रकाश गाभ्यातून निसटून बाहेर पडतो. म्हणून कपाट भिंतीला सरकविताना तंतू मागे चेपला गेला नाही ना, खिळ्याला त्याचा घट्ट फास बसला नाही ना, हे प्रथम पाहावे. तोंडाशी डोळा लावून 'प्रकाश येतो का' हे मात्र कधीही पाहू नये. केंद्राकडून घराकडे येणाऱ्या प्रकाशाची लहरलांबी सामान्यतः १४९० नॅनोमीटर असते. तो अवरक्त असल्यामुळे डोळ्यास दिसत नाही, पण डोळ्यास अपाय करू शकतो.

तंतूच्या पेटीवर 'एल-ओ-एस' ही अक्षरे असलेला दिवा लाल झाला, तर घरापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही असे समजावे. अशा पेटीस फारसा प्रकाश लागतो असेही नाही. मिलिवॅटच्या सुमारे पाचशेव्या भागापर्यंत, म्हणजे २ मायक्रोवॅटपर्यंत, ती काम भागवून नेते. इतकाही प्रकाश मिळत नसेल तर संगणकाशी झटापट करणे व्यर्थ आहे.

जुनी जोडणी तांब्याच्या तारेची. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढे २००५ साली भारत संचार निगमाने दूरध्वनीच्याच तारेवर ब्रॉडबँड देण्यास आरंभ केला. ह्या युक्तीतील मर्म समजण्यास सोपे आहे. माणसाच्या बोलण्याला दर सेकंदास ३०० ते ३,४०० आवर्तने एवढाच पट्टा पुरतो. त्यावरचा पट्टा तारेत रिकामाच असे. सुमारे २५ हजारांपासून ११ लाख आवर्तनांपर्यंतचा हा भाग संगणकाच्या संदेशांना देण्यात आला, आणि दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून दूरध्वनीच्या आधी एक लहानशी गाळणी बसविण्यात आली. गाळणी न लावता घरात दुसरा दूरध्वनी जोडला की जोडणी अडखळू लागते, ती ह्यामुळेच.

लोहमार्गाच्या कडेने जाणाऱ्या तांब्याच्या तारेचा एक खास रोग आहे. विद्युत् गाड्यांच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो व तो सेकंदास ५० वेळा आवर्तन पावतो. तिला समांतर धावणाऱ्या दूरध्वनीच्या तारेत त्यामुळे प्रवर्तनाने दाब उत्पन्न होतो. दूरध्वनीच्या दोन तारा एकमेकींस पीळ घालून ठेवतात, यातील हेतू हाच की दोहोंत सारखाच दाब उत्पन्न व्हावा आणि त्याचा परिणाम शून्य व्हावा. पावसाळ्यात दोहोंपैकी एका तारेच्या सांध्यात पाणी शिरले वा गंज चढला, की हा समतोल बिघडतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. त्यासाठी उपकरण लागत नाही. दूरध्वनी उचलावा, क्रमांक न फिरविता कान द्यावा. घुमणारा वा चरचरणारा आवाज ऐकू आला तर दोष तारेत आहे. कानासारखे स्वस्त उपकरण दुसरे नाही. तांब्याची तार गेल्याने ते मात्र घरातून गेले.

विजा चमकू लागल्यावर अडाप्टर काढून ठेवावा, हे दोन्ही प्रकारच्या जोडणीस लागू आहे. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून तंतूवाला निर्धास्त असतो. परंतु वीज अडाप्टरच्या वाटेनेही येऊ शकते.

भिंती, कपाटे आणि लहरी

राउटर ठीक असून दुसऱ्या खोलीत काही उघडत नसेल, तर संगणक काही वेळ तारेने थेट राउटरला जोडून पाहावा. तारेवर सर्व सुरळीत चालले म्हणजे दोष हवेतील लहरींचा. त्या दोन प्रकारच्या असतात. सेकंदास २.४ अब्ज आवर्तनांच्या लहरी भिंतीतून बऱ्या पार होतात, पण त्या पट्ट्यात गर्दी फार. मायक्रोवेव्ह चूलही त्याच पट्ट्यात काम करते. ५ अब्ज आवर्तनांच्या लहरींना गर्दी कमी, वेग अधिक. पण भिंतींपुढे त्या लवकर थकतात. लोखंड दोघींनाही परतवून लावते. तरीही राउटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवण्याची खोड घरोघरी आढळते, कारण ती पेटी दिसावयास सुंदर नसते. तिला उघड्यावर व उंचावर ठेवणे हाच उपाय.

अंक बोलतात, नावे अडतात

येथवरची परीक्षा डोळ्यांनी व कानांनी होते. ह्यापुढे संगणकालाच प्रश्न विचारावे लागतात. त्यासाठी 'पिंग' नावाची आज्ञा आहे. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने डिसेंबर १९८३ मध्ये ती तयार केली. पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव मिळाले. आडात हाक मारून प्रतिध्वनी ऐकावा, तसा हा प्रकार आहे. विंडोजच्या संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' ही काळी खिडकी उघडून पी, आय, एन, जी ही चार अक्षरे व पुढे थोडी जागा सोडून पत्ता लिहावा.

पहिली हाक १२७.०.०.१ ह्या पत्त्यास मारावी. हा पत्ता संगणकाचा स्वतःचाच होय. येथे उत्तर न आल्यास घरातच आजार आहे. दुसरी हाक राउटरला. त्याचा पत्ता पेटीच्या तळाशी छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ ह्यासारखा. तिसरी दूरच्या एखाद्या प्रसिद्ध पत्त्यास, उदाहरणार्थ ८.८.८.८. चौथी एखाद्या संकेतस्थळाच्या नावास. उत्तरास किती मिलिसेकंद लागले तेही पडद्यावर येते. काचेत प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर जातो. रसमड्याहून मुंबई रेल्वेने सुमारे अकराशे किलोमीटर, तेव्हा हाक तेथवर जाऊन परत येण्यास ११ मिलिसेकंद तरी लागणारच. वाटेतील थांब्यांमुळे प्रत्यक्ष आकडा अधिक येतो. मात्र पूर्वी तीस येणारा आकडा एके दिवशी तीनशे झाला, तर वाट बदलली आहे किंवा तुंबली आहे. एक सावधगिरी येथे हवी : काही दूरचे संगणक मुद्दामच अशा हाकेला ओ देत नाहीत, म्हणून एका ठिकाणच्या मौनावरून निष्कर्ष काढू नये.

तिसऱ्या हाकेस उत्तर आले आणि चौथीस आले नाही, तर वाट मोकळी आहे, पण नावांची वही हरवली आहे. संगणक एकमेकांस अंकांनी ओळखतात. माणसांच्या सोयीसाठी नावांवरून अंक सांगणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली रचली. कंपनीची ही वही काही वेळ बंद पडली, तर सर्व इंटरनेटच बुडाले असे वाटते. अशा वेळी संगणकाच्या मांडणीत दुसऱ्या वहीचा पत्ता, वर दिलेला ८.८.८.८ किंवा १.१.१.१, लिहिला की काम सुरू होते. याउलट संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ह्या अंकांनी सुरू होत असेल, तर त्याची राउटरशी भेटच झालेली नाही. पत्ता वाटून देणारा कोणी न भेटल्यामुळे त्याने तो स्वतःच घेतलेला असतो.

घड्याळाचा दोष

सर्वांत फसविणारा बिघाड मात्र ह्या साखळीत कोठेच नसतो. समजा, मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. राउटरचे दिवे हिरवे आहेत. फोन त्याच राउटरवर चालतो. चारही हाकांस उत्तरे मिळतात. तरीही जुन्या संगणकावर एकेक पान 'ही जोडणी सुरक्षित नाही' असे बजावून बंद होते. घरची मंडळी घाबरतात. संगणकात कोणी चोर शिरला, असे त्यांस वाटते. कोणी जाणता येऊन सारी प्रणाली नव्याने भरण्याचा सल्ला देतो, आणि त्यात वर्षानुवर्षांची छायाचित्रे जातात.

दोष पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. तेथील तारीख २००९ सालची असते.

संगणक बंद असताना त्याचे घड्याळ एका नाण्याएवढ्या विद्युत्-घटावर चालते. त्याचा प्रकार बहुधा सी-आर २०३२ हा असतो. हे अंकच त्याचे माप सांगतात : रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. काही वर्षांनी तो थकला की, वीज जाताच संगणकास काळाचा विसर पडतो व तो कोणत्या तरी जुन्या तारखेस जागा होतो. आता सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखविते, आणि त्यावर ते केव्हापासून केव्हापर्यंत ग्राह्य, हे लिहिलेले असते. २००९ सालात वावरणाऱ्या संगणकास २०२५ सालचे प्रमाणपत्र भविष्यातील वाटते. तो ते नाकारतो. त्याचे वागणे नियमास धरूनच आहे. पुष्कळ संगणक जाळ्यावरून वेळ आपोआप दुरुस्त करून घेतात. पण फरक वर्षांचा असल्यास ती सोय कित्येकदा चालत नाही.

तारीख हाताने बरोबर करताच पाने उघडतात व अर्ज भरला जातो. घट मात्र लवकरच बदलावा. एरवी पुढच्या वेळी वीज जाताच तेच घडेल. बदलण्यापूर्वी संगणकाची वायर भिंतीतून काढावी आणि जुना घट लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळला गेल्यास तो जिवावर बेततो.

मंदपणाची तक्रार

'वेग अर्धाही मिळत नाही' ह्या तक्रारीत कित्येकदा गणिताची चूक असते. कंपनी वेग मेगाबिटांत सांगते, संगणक फाइलीचे माप मेगाबाइटांत दाखवितो. एका बाइटात ८ बिट असतात. १०० मेगाबिटांची जोडणी म्हणजे सेकंदास साडेबारा मेगाबाइट. शासकीय व्याख्येचेही गमक असेच बदलत गेले आहे. २००४ साली सेकंदास २५६ किलोबिट एवढ्या वेगास ब्रॉडबँड म्हणत. २०१३ साली ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली व २०२३ साली २ मेगाबिट.

सायंकाळचा मंदपणा निराळा. चौकातील विभाजकातून एकच तंतू, समजा, ३२ घरांत वाटलेला असतो. प्रचलित पद्धतीत त्या तंतूवर सेकंदास सुमारे २,४८८ मेगाबिट उतरतात. सर्वांनी एकाच क्षणी मागणी केली तर प्रत्येकाच्या वाट्यास ७७ येतात. शंभरांचे आश्वासन एका क्षणी सर्वांस पुरे करता येत नाही. पहाटे व रात्री नऊ वाजता, दोन्ही वेळी तारेने जोडून वेग मोजला म्हणजे दोष घराचा की वाटणीचा, हे ठरते.

घराबाहेरचा दोष

कधी दोष हजारो किलोमीटरांवर असतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन केबली तुटल्या, आणि भारतातील इंटरनेटचा मोठा भाग मंदावला. त्या दिवशी येथील कित्येक राउटर विनाकारण बंद-चालू झाले असतील. देशातील पाने उघडतात व परदेशातील अडतात, हे अशा बिघाडाचे लक्षण होय.

दोष घराबाहेर ठरला म्हणजे तक्रार करावी व तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. तो देणे २०१२ च्या नियमांनुसार कंपन्यांस बंधनकारक आहे. त्या वेळी 'इंटरनेट बंद आहे' एवढेच न सांगता, 'काल रात्री नऊपासून एल-ओ-एसचा दिवा लाल आहे, अडाप्टर ठीक आहे, तंतू कोठे चेपलेला नाही, शेजारच्या दोन घरांतही असेच आहे' असे सांगावे. ऐकणारा मग 'पेटी बंद करून सुरू करा' हे पाठ केलेले उत्तर देऊ शकत नाही. येणारा कामगार एक यंत्र घेऊन येतो. ते तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडते व तुटलेल्या टोकावरून परत आलेल्या प्रतिध्वनीचा काळ मोजते. दर १० मायक्रोसेकंदांस एक किलोमीटर असा हिशेब असतो. प्रतिध्वनी २३ मायक्रोसेकंदांनी आला, तर तंतू २.३ किलोमीटरांवर तुटलेला आहे. तेवढे अंतर मोजीत जाऊन तो जेथे थांबतो, तेथे बहुधा रस्त्याच्या कडेला नव्याने खणलेला चर असतो.